चित्रांचा सातबारा आणि फेरफार

आजकाल शाळेचे स्नेहसंमेलन आटोपले की दुसऱ्या दिवशी पालकांच्या मोबाइलवर एक छोटासा व्हिडिओ येतो. मुलांची चाळीसएक छायाचित्रे एकामागून एक सरकत जातात, मागे गाणे वाजत असते आणि शेवटी शाळेचे नाव झळकते. गुरुजींनी हा चित्रपट कुठल्या स्टुडिओत जाऊन केलेला नसतो. इंटरनेटवर अशा कामाची सोय असते. तिथे त्यांनी छायाचित्रांच्या फाइली चढवल्या आणि दोन-चार मिनिटांत तयार व्हिडिओ उतरवून घेतला, इतकेच. पण एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक छायाचित्र चार मेगाबाइटचे धरले तर चाळिसांचे वजन १६० मेगाबाइट होते. आणि हाती आलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ पंधरा-वीस मेगाबाइटचा, कधी त्याहूनही हलका असतो. मग बाकीचा ऐवज गेला कुठे?

श्रोतेहो, प्रश्न दिसायला यंत्राचा आहे, पण त्याचे उत्तर शोधू लागलो की शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. आणि या वाटेवर आपलीच माणसे भेटतात.

स्थिर चित्र हलते करण्याची हौस आपल्याकडे सिनेमा येण्याच्याही आधीची आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे, त्यांच्यामागे दिवा आणि समोर पडदा, असा तो सरंजाम. एकाच पात्राच्या निरनिराळ्या अवस्था वेगवेगळ्या काचांवर रंगवायच्या आणि त्या काचा भराभर बदलायच्या, की पात्र हात हलवते आहे असा प्रेक्षकाला भास होई. पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने खरीखुरी हलती छायाचित्रे दाखवली. तत्त्व तेच होते. डोळ्यापुढून एका सेकंदात पंधरा-सोळा चित्रे गेली की माणूस ती सुटी सुटी पाहूच शकत नाही. मनातल्या मनात त्यांची एक सलग हालचाल जुळवून टाकतो. सिनेमा आणि व्हिडिओ यांचा सगळा डोलारा डोळ्याच्या या भाबडेपणावर उभा आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता दादासाहेब फाळक्यांचा वाटाणा आठवा. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या या गृहस्थाने छायाचित्रण केले, छापखाना चालवला, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. चित्रपटाच्या वेडापायी १९१२ साली ते विलायतेला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. पण पैसा घालणार कोण? सावकाराला तरी काय दाखवायचे? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर उभा केला आणि महिन्याहून अधिक काळ थांबून थांबून एकेक चित्र घेतले. पडद्यावर सुमारे मिनिटभरात बी फुटले, अंकुर वर आला, वेल चढली. ती फिल्म पाहून लोक थक्क झाले आणि फाळक्यांना भांडवल मिळाले. 'अंकुराची वाढ' या नावाने आज आपण ती फिल्म ओळखतो. सुट्या चित्रांपासून हलते चित्र बांधण्याचे आपल्याकडचे याहून सुंदर जुने उदाहरण मला तरी माहीत नाही.

या फिल्मचा हिशेब वर्गात मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे धरत. म्हणजे मिनिटाला ९६० चित्रे झाली. महिन्याचे दिवस ३० धरले तर रोजची ३२ चित्रे आली. पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रे बसतात, तेव्हा ९६० चित्रांना ६० फूट फिल्म लागली. यात मेख अशी, की वाटाणा समजा तासभर जागचा हलला नाही तरी त्या तासात घेतलेल्या प्रत्येक चित्राला फिल्मचा आपला चौकोन द्यावाच लागतो. कुंडी तीच, भिंत तीच, माती तीच. पण ९६० वेळा कुंडी आणि ९६० वेळा भिंत. फाळक्यांनी वेळ आटवला, फिल्म आटवणे त्यांच्या हाती नव्हते. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३७०० फूट लांबीचा होता असे सांगतात. म्हणजे एकोणसाठ हजारांवर चित्रे, आणि त्यांतल्या कितीएक एकमेकांच्या जुळ्या बहिणी!

ही उधळपट्टी टाळता येईल, हे आधी सुचले ते चित्रे तारेने किंवा बिनतारी दूर पाठवू पाहणाऱ्यांना. अमेरिकेतले एक अभियंते रे केल यांनी १९२९ साली इंग्लंडमध्ये एक पेटंट घेतले. त्यातली कल्पना अशी, की दर वेळी पूर्ण चित्र न पाठवता आधीच्या चित्रापेक्षा जेवढा फरक पडला तेवढाच पाठवावा. त्या काळच्या यंत्रांना ते पेलणारे नव्हते. पण कल्पना मात्र आपल्या खेड्यातल्या कोणालाही चटकन समजावी अशी आहे, कारण आपले तलाठी भाऊसाहेब पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले आहेत.

बघा, गावात एका जमिनीचा व्यवहार झाला म्हणून कोणी सगळ्या गावाचे दप्तर नव्याने लिहीत नाही. सातबारा असतो, आणि बदल झाला की नमुना सहाच्या वहीत फेरफार पडतो. व्हिडिओच्या फाइलीतही हुबेहूब हीच पद्धत आहे. काही ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र साठवलेले असते, तो सातबारा. त्यानंतरच्या चित्रांत नुसते फेरफार: अमुक जागी एवढे बदलले, बाकी पहिल्याप्रमाणे. बैलगाडी डावीकडून उजवीकडे चालली असेल तर गाडी पुन्हा चितारायची नाही. 'हा तुकडा इतके ठिपके उजवीकडे सरकला' एवढीच नोंद करायची. आणखी एक प्रकार तर असा, की मधले चित्र मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांवरून ताडायचे. त्यासाठी फाइलीत पुढचे चित्र आधी आणि मधले नंतर ठेवावे लागते. दाखविताना यंत्र तो क्रम पुन्हा सरळ करते.

सातबारा आणि फेरफाराच्या पद्धतीतला धोकाही इथे जसाच्या तसा आला. एक फेरफार गहाळ झाला की पुढचा सगळा उतारा चुकतो. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांच्या घरी लग्नाची सीडी होती त्यांना हे सांगायला नको. चकतीवर ओरखडा पडला की ऐन मंगलाष्टकांत नवरीच्या तोंडाचे चौकोन चौकोन होत आणि दोन-चार क्षण तसेच घसटत राहत; मग एकाएकी चित्र पुन्हा स्वच्छ होई. पुढचे पूर्ण चित्र आले, म्हणजे नवा सातबारा हाती पडला, की घोटाळा तिथे संपे.

पण ते चौकोनच का? गोल का नाहीत, फाटक्या कागदासारखे वेडेवाकडे का नाहीत? इथे बंगळूरच्या माणसाची गोष्ट येते.

संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे ठिपक्यांचे शेत आणि प्रत्येक ठिपका म्हणजे आकडे. आजच्या चांगल्या व्हिडिओतल्या एका चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा, निळा असे तीन आकडे. सेकंदाला २५ चित्रे धरली तर एका मिनिटाला ९३३ कोटींहून अधिक आकडे लागतात, म्हणजे नऊ गिगाबाइटच्या वर. एवढा ऐवज कोणत्या मोबाइलात मावणार आणि खेड्यातल्या नेटवर्कने तो कधी पोचणार? नुसत्या फेरफाराने इथे भागत नाही. मूळ सातबाराच लहान करावा लागतो.

नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूरचा. अभियांत्रिकीचे शिक्षण तिथेच घेऊन ते अमेरिकेला गेले आणि कॅन्सस राज्याच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. चित्रातले आकडे निराळ्या रीतीने मांडले तर पुष्कळच कमी आकड्यांत काम भागेल, अशी कल्पना त्यांना सुचली. तिच्या अभ्यासासाठी त्यांनी १९७२ साली तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही. कल्पना फारच सोपी दिसते, अशा आशयाचा शेरा एका परीक्षकाने मारल्याचे त्यांनी स्वतःच १९९१ साली लिहून ठेवले आहे. तरीही १९७३ च्या उन्हाळ्यात ते पगाराविना या कामाला लागले. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासमधील प्राध्यापक के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. अगदी थोड्या पानांचा निबंध तो! आज जगातल्या मोबाइलांत रोज जी छायाचित्रे साठवली जातात, जे व्हिडिओ पाहिले जातात, त्यांतल्या बहुतेकांच्या पोटात हे गणित किंवा त्याचे भाऊबंद बसलेले आहे.

हे गणित सांगायला कठीण, पण समजायला अवघड नाही. चित्राचे आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच असे चौकोन पाडायचे. एका चौकोनात ६४ ठिपके आले. आता शेताचे वर्णन आपण कसे करतो? प्रत्येक ढेकळाची उंची सांगत नाही. आपण म्हणतो, शेत साधारण अमुक उंचीवर आहे, पूर्वेकडे उतरते, मध्ये एक खोलगट भाग आहे. अहमद यांची रीत अशीच आहे: आधी चौकोनाची सरासरी उजेडाची मात्रा, मग मोठा चढउतार, मग लहान, मग त्याहून लहान. निळ्या आभाळाच्या चौकोनाला एखाददुसरा आकडा पुरतो. डोळ्याच्या पापण्यांच्या चौकोनाला जास्त लागतात. आणि अगदी शेवटची बारीक ढेकळे सोडून दिली तरी पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. शिवाय माणसाचा डोळा उजेडातला फरक जितका बारीक टिपतो तितका रंगातला टिपत नाही. त्यामुळे चार ठिपके मिळून रंगाची एकच नोंद ठेवण्याची वहिवाट पडली. सीडीवर दिसणारे चौकोन अशाच आठ-आठ, सोळा-सोळा ठिपक्यांचे होते.

पुढची पावले भराभर पडली. टेलिफोनच्या तारेवरून समोरच्याचा चेहरा दिसावा म्हणून १९८८ साली एच.२६१ हे मानक ठरले. त्यात फेरफाराची पद्धत आणि अहमद यांचे गणित एकत्र आले. स्थिर छायाचित्रांसाठीचे जेपेग १९९२ चे. पाठोपाठ १९९३ साली एमपेग-१ आले. गाण्याच्या चकतीवर तासाभराहून अधिक चित्रपट बसवायचा, हा त्याचा हेतू, आणि आपल्या लग्नाच्या सीड्या त्याच घराण्यातल्या. २००३ साली एच.२६४ आले. एमपी४ म्हणून जी फाइल आपण मोबाइलवर पाहतो तिच्या आत बहुधा तेच असते. त्यानंतरही २०१३ आणि २०१८ मध्ये नवी मानके आली, पण गावोगाव चालणारे नाणे अजून २००३ चेच आहे.

इंटरनेटवर फाइल चढवून तिचे रूपांतर करून घेण्याची सोय हा या सगळ्याचा शेवटचा टप्पा. फ्रान्समधील फाब्रिस बेलार या संगणकतज्ज्ञाने २००० साली एफएफएमपेग नावाची प्रणाली सुरू केली. एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात नेण्याची ती जणू गिरणीच आहे. वर दाणे घाला, खाली पीठ घ्या. ती सर्वांना फुकट वापरता येते, म्हणून तिच्यावर कितीतरी सोयी उभ्या राहिल्या. हलत्या चित्रांचा 'गिफ' हा प्रकार १९८७ चा. त्यात २५६ च रंग आणि काटकसर बेताचीच, त्यामुळे फाइली फुगत. २०१४ साली ट्विटरने लोकांनी चढवलेली गिफ चित्रे आतल्या आत व्हिडिओत बदलून दाखवायला सुरुवात केली. लोकांना ते गिफच वाटत राहिले.

आता गुरुजींच्या व्हिडिओचे कोडे सुटण्यासारखे आहे. एक छायाचित्र तीन सेकंद पडद्यावर राहिले म्हणजे ७५ चित्रे सारखीच. पहिल्याचा सातबारा लिहिला की उरलेल्या ७४ ठिकाणी 'बदल नाही' एवढेच लिहायचे. म्हणून असा व्हिडिओ हलका होतो. त्यावर पाकळ्या गळत आहेत, चांदण्या लुकलुकत आहेत, चित्र हळूहळू जवळ येत आहे, असली सजावट घातली की मात्र प्रत्येक क्षणी सगळेच बदलते आणि फेरफाराची वही भरून वाहू लागते. फाइल वाढते, वाढू दिली नाही तर चित्र फुटते. मिरवणुकीत गुलाल उधळला की मोबाइलवरचे चित्र एकदम चिखलासारखे का होते, याचेही कारण हेच. पाऊस, वाहते पाणी आणि गुलाल यांच्याशी हे गणित नेहमीच हरते.

पण वजन कमी होण्याचे आणखी एक कारण आहे आणि शिक्षकांनी ते नीट ऐकावे अशी माझी विनंती आहे. मोबाइलचे चांगले छायाचित्र ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचे, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपक्यांचे असते. ते व्हिडिओच्या चौकटीत बसवताना १४४० गुणिले १०८० एवढे होते. म्हणजे साडेपंधरा लाख. दाबण्याचे गणित सुरू होण्याआधीच आठ ठिपक्यांतले सात जवळजवळ निघून गेले! मग रंग पातळ झाला, मग ढेकळे गेली. तो व्हिडिओ एकाने दुसऱ्याला पाठवला की वाटेत पुष्कळदा पुन्हा दाबला जातो, आणि एकदा गेलेले परत येत नाही. दुधात पाणी घालता येते, काढता येत नाही, तसे.

माझ्या पाहण्यातल्या एका खेड्यातल्या शाळेने सुवर्णमहोत्सवानिमित्त जुनी छायाचित्रे गोळा केली. एका छायाचित्रात पहिल्या तुकडीची मुले बसली होती आणि पुढच्या पाटीवर खडूने वर्ष आणि नावे लिहिलेली होती. सगळ्या चित्रांचा सुरेख व्हिडिओ झाला, गावभर गेला. जागा अडते म्हणून मूळ फाइली पुसल्या गेल्या, आणि कागदी छायाचित्रे ज्यांची त्यांना परत गेली. त्यांतली काही पुढे सापडली नाहीत. आज त्या व्हिडिओत मुलांचे चेहरे ओळखू येतात, पण पाटीवरची नावे वाचता येत नाहीत. खडूची बारीक अक्षरे म्हणजे नेमकी तीच ढेकळे, जी गणिताने निरुपयोगी म्हणून टाकली. शाळेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला चेहऱ्यांपेक्षा ती अक्षरे हवी होती.

म्हणून व्हिडिओ खुशाल करा, पण मूळ फाइली जशाच्या तशा एखाद्या निराळ्या डिस्कवर ठेवा आणि सोबत साध्या अक्षरांत वर्ष व नावे लिहून ठेवा. दुसरे असे, की फाइल चढवली म्हणजे ती कोणातरी परक्याच्या संगणकावर गेली. तिथे ती किती दिवस राहते हे त्यांच्या अटींत लिहिलेले असते, पण अटी वाचतो कोण? मुलांची छायाचित्रे असतील तर पालकांना विचारावे, आणि जमल्यास हे काम आपल्याच मोबाइलवर किंवा शाळेच्या संगणकावर करावे. एफएफएमपेगची गिरणी शाळेच्या संगणकावरही चालते. छायाचित्राच्या फाइलीत ते कुठे काढले याची नोंदही कधी कधी दडलेली असते, हेही ध्यानात असू द्यावे.

एच.२६४ हे मानक ज्या २००३ सालात आले त्याच वर्षाच्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील एका कोठीला आग लागली आणि जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. ज्यांच्या प्रती आधी काढलेल्या होत्या तेवढे चित्रपट वाचले. आपल्या देशात सुमारे १३०० मूकपट निघाले; त्यांतले अगदी मोजके आज शिल्लक आहेत. काही आगीत गेले, काही कुजले, काही तर फिल्मवरच्या चांदीसाठी वितळवले गेले.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागलेल्या 'राजा हरिश्चंद्र'चेही काही भागच उरले. ते आता इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात आणि शिक्षकांनी ते वर्गात जरूर दाखवावेत. पण अभ्यासकांत एक वाद आहे. फाळक्यांनी हीच कथा १९१७ साली पुन्हा चित्रित केली होती. तेव्हा उरलेले तुकडे १९१३ चे की १९१७ चे? असला वाद पाहायला गेले तर फिल्मच्या कडेवर असणारी कारखान्याची खूण, पट्टीचे जोड, दृश्याच्या कोपऱ्यातली एखादी अंधूक वस्तू यांवर सुटतो. मोबाइलवर आपण पाहतो त्या प्रतीत पट्टीची कड येतच नाही, आणि तो अंधारा कोपरा तर दाबण्याच्या गणिताने सर्वांत आधी सपाट केलेला असतो.